मोकळ्या कपाळाचं डिजिटल

मार्च ते मे माझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी शिंकायचं आणि मग बोलायचं. पलीकडं सुलाक्काचं मिरची कांडप होतं, वर्षाचं तिखट, म्हणजे आमची चटणी, कांडून द्यायचं मशीन. तिचं कांडप आणि माझं डिजिटलचं दुकान यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीला वरच्या अंगाला वीतभर फट. फ्लेक्सच्या बोर्डाला आमच्या कोल्हापुरात डिजिटल म्हणतात. वाढदिवसाचं डिजिटल, कुस्तीच्या मैदानाचं डिजिटल, दहाव्याचं डिजिटल. मी ती छापायचो आणि शिंकायचो. फट बुजवू या, असं मी दर उन्हाळ्यात म्हणायचो. सुलाक्का म्हणायची, "कशाला? त्यातनं तुझी भांडणं ऐकू येत्यात मला. तेवढीच करमणूक."

भांडणं म्हणजे माझी आणि गिऱ्हाइकांची. माझं डोकं लवकर तापतं, ते काही मी नाकारत नाही. माणसं अंधारात काढलेला अंगठ्याएवढा फोटो आणतात आणि म्हणतात, हा चौकात लावायला मोठा करा. मग मी बोलतो. मी बोलायला लागलो की पलीकडनं मशीन बंद व्हायचं, सुलाक्का शांतपणे ऐकायची, आणि गिऱ्हाईक गेलं की फटीतनं आवाज यायचा, "पेंटर, आज जरा कमी पडलास."

पूर्वी मी हातानं पाट्या रंगवायचो. ब्रश जाऊन किती वर्षं झाली, पण इथनं जाईपर्यंत तिनं मला पेंटरच म्हटलं. आता ती इचलकरंजीला लेकीकडं असते. कांडप रेखा चालवते. ती कोण ते पुढं येईलच. फट मी अजून बुजवलेली नाही.

सुलाक्का उंच, रुंद हाडाची. नाकातोंडावर फडकं बांधलेलं, केसांत कायम तांबडी धूळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला. तो पदर डोक्यावर गेलेला मी कधी बघितला नव्हता. गल्लीतल्या म्हाताऱ्या त्यावरनं कुजबुजायच्या. सुलाक्का त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "पदर पट्ट्यात घावला तर मुंडकं जाईल माझं. मग चटणी कोण कांडून देणार तुमाला?" आणि कपाळ मोकळं. नवरा गेल्यापासून मोकळं.

त्या कपाळाबद्दल तिला कुणी विचारत नसे, पण मी एकदा विचारलं. तिचा नवरा दत्ता रिक्षा चालवायचा. दर शुक्रवारी शेवटचं भाडं सोडलं की अंबाबाईच्या देवळापासनं कुंकवाची पुडी घेऊन यायचा. "पुडी आणणारा गेला, म्हणून लावत न्हाय," ती म्हणाली. "बायका पुसाय आलत्या. मी म्हटलं, हात मागं घ्या, माझं मी काढतो. दुसरं काय कारण न्हाय पेंटर त्यात. लोकं उगं मोठं करत्यात." आमच्याकडं बायकाही करतो-जातोच म्हणतात, आणि सुलाक्काच्या तोंडी ते फार शोभायचं.

तिच्या कांडपात रंग चालायचा नाही. एकदा बाजारातला एक व्यापारी मिरचीची पोती घेऊन आला. पोत्यात मधेच रंगाची पुडी. म्हणाला, जरा चढव, गिऱ्हाइकाला लाल भडक लागतं. सुलाक्कानं मशीन बंद केलं, फडकं खाली ओढलं आणि पोतं स्वतः उचलून त्याच्या टेम्पोत नेऊन ठेवलं. "माझ्या मशिनीत मिरची जाती. रंग चढवायचा तर रंगाच्या दुकानात जावा, पावणं." तो माणूस दुसऱ्या दिवशी पुडी न घेता परत आला. हे मी फटीतनं ऐकलं आणि नंतर गल्लीभर सांगत फिरलो. लोकांना ते फार आवडलं.

आता रेखा. तिचा नवरा फौंड्रीत कामाला होता, तिथंच अपघातात गेला. पोरगी ऐन तरुण. दहाव्याला बायका जमल्या, तिच्या बांगड्या फोडायच्या म्हणून एकीनं तिचं मनगट धरलं. सुलाक्का कांडपातनं उठून तशीच आली, कोपरापर्यंत हात तांबडे. "सोड," म्हणाली. ती बाई म्हणाली, रीत हाय आक्का. सुलाक्का म्हणाली, "तिचा नवरा गेलाय, हात न्हाय गेला. कपाळाचं काय करायचं ते ती ठरवंल, आज न्हाय तर वर्षानं." आणि ती तिथंच रेखाला टेकून बसली. हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

महिन्याभरानं रेखा कांडपात कामाला आली. बांगड्या हातात, कपाळ मोकळं. टिकली का लावत नाहीस, असं माझ्या बायकोनं तिला विचारलं तर म्हणाली, "आक्का लावत न्हाईत न्हवं. ऐटीत दिसत्यात की." त्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होतं. बायको कोयरी घेऊन फिरत होती, या दोघींपुढं आली आणि अडखळली. सुलाक्का म्हणाली, "वैनी, कुंकू तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे. वाण द्या, दोघीचंबी." रेखानंही लगेच ओंजळ पुढं केली आणि हसली. नवरा गेल्यापासनं ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

मग बऱ्याच वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली आणि आमचा प्रभाग बायकांना राखीव झाला. असं झालं की आमच्याकडं काय होतं ते मला विचारा, डिजिटलं मी छापतो. जो गडी उभा राहणार असतो तो बायकोला उभी करतो. बोर्डावर पुढं हात जोडलेला तो, आणि मागं खांद्यावरनं डोकावणारी ती. याही वेळी एक माजी नगरसेवक असाच आला. मी विचारलं, वहिनींचा एकटीचा फोटो आहे का? म्हणाला, "एकटीचा कशाला लागतोय?" नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चेहऱ्याचा उरलेला भाग नवऱ्याच्या खांद्यामागं. मी छापून दिलं. धंदा आहे.

सुलाक्काला उभं केलं ते कांडपात बसणाऱ्या बायकांनी. गटारीसाठी, पाण्यासाठी ती वर्षानुवर्षं भांडत होतीच. आमच्या तालमीचे अण्णा, म्हातारे पैलवान, सरळ माणूस, तेही पाठीशी राहिले. ती अपक्ष उभी राहिली. चिन्ह खलबत्ता मागितलं, कपबशी मिळाली. "असू दे," म्हणाली, "चटणी खाल्ल्यावर च्या लागतोयच."

तिचा फोटो मी कांडपातच काढला. हास की, म्हटलं. म्हणाली, "कशाला? मला चटणी इकायची न्हाय." तिनं फडकं खाली ओढलं आणि सरळ बघितलं. तसाच घेतला. खाली मी ओळ लिहिली: चटणीत रंग नाही, कारभारात भेसळ नाही. आयुष्यात मी हजारो बोर्ड केले, त्यातला हा एक चांगला होता. प्रिंट सुकत होती तेव्हा रेखा येऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "ह्येच आक्कांचं त्वांड." एक बोर्ड चौकात लागला, एक कांडपावर, आणि एक रेखानं स्वतः मागून नेला. तिचं घर गल्लीच्या टोकाला, पत्र्याची भिंत हमरस्त्याकडं तोंड करून.

बोर्ड लागले आणि कुजबुज सुरू झाली. चौकातल्या घरात लग्न होतं, ते म्हणाले, तोरणाच्या शेजारी मोकळं कपाळ नको. एक रिक्षावाला म्हणाला, सकाळी पहिलं तेच दिसतंय. बायका चटणीचा डबा मांडीवर धरून सांगायच्या, "आमचं काय न्हाय आक्का, सासूबाईस्नी बरं वाटंना." नगरसेवकाच्या बायकोचं कुंकू तर प्रत्येक खांबावर होतं. मग अण्णा आले. म्हातारा माणूस, खाली बघत म्हणाला, "सुलाबाई, लोकांचं असं असतंय. एक टिकली लावली फोटोत तर काय बिघडतंय?" सुलाक्का खदखदून हसली. "अण्णा, सगळ्या गल्लीची गटार काढाय चाललोय, टिकलीला कुठं सवड हाय?" ते हसणं फटीतनं माझ्यापर्यंत आलं आणि मला बरं वाटलं.

ती मोडली ते दुसऱ्याच ठिकाणी. प्रचाराला एका घरी गेली. त्या घरची वर्षाची चटणी तिनंच कांडलेली, पोरीच्या बारशाला ती गेलेली. बाई दारातच आडवी उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "आक्का, आज नगो. पोरीला बघाय पावणं यायल्यात. मत तुमालाच हाय." मी पत्रकं घेऊन मागं होतो. सुलाक्का बरं म्हणाली, वळली, आणि पुढच्या दोन घरांना न थांबता सरळ चालत राहिली. मला तिच्या बरोबरीनं चालायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. फटीतनं बोलली नाही, दारातनं आली.

"पेंटर, टिकली टाक."

"कुणाला?"

"मला."

मी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. ती पडद्याकडं पाठ करून, रस्त्याकडं बघत उभी राहिली. आणि मी तिला काय विचारलं बघा. लाल का मरून? सवयीनं तोंडातनं गेलं. ती म्हणाली, "काय करायचं ते कर. मोठी नगो." मी टाकली. एवढंच काम होतं, चहा गार व्हायच्या आत संपलं. तिनं वळून बघितलंसुद्धा नाही. ती गेल्यावर मी खाली बघितलं, तर ओळ तशीच होती, चटणीत रंग नाही. मला माझ्याच दुकानात बसायची लाज वाटली. तरी मी छापलं.

आणि काय सांगू, डिजिटल चाललं. प्रभागाच्या त्या टोकाला तिला कधी न बघितलेली माणसं म्हणायला लागली, किती शोभतात. लग्नघरानं स्वतःहून कुंपणावर जागा दिली. बोर्डावर टिकली आणि समोर उभी असलेली बाई मोकळ्या कपाळाची, हे मग लोकांना खटकायला लागलं. एकदा बोर्डाकडं बघायची, एकदा तिच्याकडं. म्हणून प्रचाराला जाताना तिनं खरी टिकलीही लावली, पाकिटातली, चिकटवायची. ती लावून सकाळी कांडपात आली तेव्हा रेखा पोत्यात चटणी भरत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. त्या दिवशी भिंतीपलीकडं दिवसभर नुसतं मशीन चालू होतं, बोलणं काही ऐकू आलं नाही.

जुने बोर्ड काढायला सांगितले होते. चौकातला काढला, कांडपावरचा काढला. सुलाक्का रेखाला म्हणाली, तुझ्याकडचा तेवढा काढ. रेखा व्हय म्हणाली.

मतदान तोंडावर आलं आणि सगळ्यांच्या मोबाईलवर एक फोटो आला. एका बाजूला मोकळ्या कपाळाची सुलाक्का, दुसऱ्या बाजूला टिकलीची. खाली लिहिलेलं: चटणीत रंग नाही, कपाळाला आहे. खरी आक्का कोणती? पहिल्या फोटोत बोर्डामागं पत्र्याची भिंत दिसत होती. रेखाचं घर मी लगेच ओळखलं, सगळ्या गल्लीनं ओळखलं. लोक हसले. ज्यांना मोकळं कपाळ दारात नको होतं, तेच पोट धरून हसले. ज्या बाईनं दार अडवलं होतं तिनं माझ्या बायकोला तो फोटो पाठवला, वर हसण्याची चित्रं घालून. माझं डोकं तापलं, पण मी कुणाशी भांडणार होतो? टिकली माझ्याच कॉम्प्युटरवरची होती.

सुलाक्का भर गल्लीत रेखावर ओरडली. इतक्या वर्षांत तिचा आवाज मोठा होता, पण वाईट कधी नव्हता. "तुला काढ म्हटलतं न्हवं? त्यांच्यात गेलीस व्हय? तुझ्या बांगड्या मी राखल्या आणि तू माझा घात केलास?" सगळ्यांदेखत बांगड्यांचं नाव निघालं. अण्णा होते, मी होतो, दाराशी बायका होत्या. एकानंही तोंड उघडलं नाही. ओरडता ओरडता सुलाक्काच्या कपाळाला घाम आला होता आणि टिकली एका बाजूनं सुटली होती.

रेखा एवढंच म्हणाली, "मला ते काढवंना, आक्का."

आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासनं ती कांडपात आली नाही. सुलाक्का निवडणुकीत पडली. नगरसेवकाची बायको निवडून आली, मिरवणुकीत गुलाल नवऱ्याच्या अंगावर होता. गल्लीतली प्रत्येक बाई सुलाक्काला सांगून गेली, आम्ही तुमालाच दिलं. ती सगळ्यांना बरं म्हणाली. कपाळ त्याच संध्याकाळी मोकळं केलं.

तो चटणीचा हंगाम फार वाईट गेला. म्हणजे मिरची आली, बायका आल्या, पण सुलाक्का नुसतं काम करायची. मी मुद्दाम गिऱ्हाइकांशी मोठ्यानं भांडायचो. फटीतनं काही यायचं नाही.

मेच्या शेवटाला आमच्याकडं माणसं पावसाची तयारी करतात. निवडणुकीनंतर लोकांनी डिजिटलं सोडवून घरात ठेवली होती, मजबूत कापड, कोण टाकून देतंय. ती सगळी आता बाहेर आली. आणि सुलाक्का पुन्हा गल्लीभर दिसायला लागली, टिकलीसकट. शेरडांच्या छपरावर, टेम्पोच्या हौद्यावर, एका न्हाणीला आडोसा म्हणून. निवडणूक विसरलेली माणसं वर बघून परत हसायची.

ती दुकानात आली. "पेंटर, थिनरनं डिजिटलचा रंग निघतोय का?"

"निघतो."

"मग दे."

डबा जड होता म्हणून मी बरोबर गेलो. दारोदार फिरलो, जसे प्रचाराला फिरलो होतो, तेच रस्ते. ती प्रत्येक घरी परवानगी मागायची, स्टूल मागायची, वर चढायची आणि थिनरच्या बोळ्यानं स्वतःचं कपाळ घासायची. खाली माणसं गोळा व्हायची. एक बाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की आक्का, छान दिसतीयास." सुलाक्कानं तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा घासायला लागली. रंग निघत होता, पण टिकलीबरोबर भोवतालचाही निघत होता, आणि भुवयांच्या वर पांढराफटक डाग पडत होता. ती खाली उतरली, लांबनं बघितलं. "टिकली एकटी जात न्हाय पेंटर," म्हणाली, "कपाळबी जातंय." मी त्या घरचं स्टूल परत दिलं. पुढच्या घराकडं चाललो.

शेवटी रेखाचं घर राहिलं. सुलाक्का त्या बाजूला महिनोन्महिने गेली नव्हती. भिंतीवर बोर्ड नव्हता. दारातनं दिसलं, पत्र्याखाली आतल्या अंगानं डिजिटल ताणून बांधलंय, गळू नये म्हणून. रेखा चुलीपाशी होती. उठली, पदर सारखा केला, म्हणाली, "या आक्का."

"तुझ्याकडचं तेवढं ऱ्हायलंय," सुलाक्का म्हणाली. आवाज कोरडा होता. हातात बोळा तसाच होता, ती आत गेली. स्टूल कुठं आहे म्हणून तिनं इकडं तिकडं बघितलं आणि मग वर बघितलं.

वर तीच होती. मोकळ्या कपाळाची, सरळ बघणारी, खाली माझी ओळ. बाहेरच्या उन्हानं कडेला जरा फिकी झालेली, पण कपाळ स्वच्छ. त्याच्या बरोबर खाली रेखाचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं.

"हितं पुसाय काय न्हाय, आक्का," रेखा म्हणाली.

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिनं ते साधंच सांगितलं, घरात साखर नाही असं सांगावं तसं, आणि चहाचं आधण ठेवायला वळली. सुलाक्का तिथंच उभी राहिली. बोळ्यातनं थिनर टिपकत होतं, सारवलेल्या जमिनीवर. "रेखा," ती म्हणाली. मग बोळा तिनं माझ्याकडं दिला, कमरेला खोचलेला पदर सोडला, डोक्यावरनं घेतला आणि पार भुवयांपर्यंत खाली ओढला.

रेखानं दोन कप मांडले होते. मी डबा उचलला आणि बाहेर आलो.